प्रोस्टेट कर्करोगाचं इंजेक्शन आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल

प्रोस्टेटच्या कर्करोगाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पोसतं, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवलं. 1966 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तेव्हा शस्त्रक्रियेने वृषणं काढत. आता बहुतेकांना ठरावीक महिन्यांनी ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन देतात. वृषणांना मिळणारा मेंदूचा आदेश बंद होतो, टेस्टोस्टेरॉन तळाला जातं, पीएसए (या कर्करोगाचा माग ठेवणारा रक्तातला आकडा) उतरतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याच काळात लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, मात्र बिघडू लागतं. हे रुग्ण बहुधा साठीपुढचे, अनेकांना आधीच बीपी किंवा मधुमेह, त्यामुळे याकडे होणारं दुर्लक्ष मला गंभीर वाटतं.

2002 साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात असे रुग्ण 48 आठवडे तपासले गेले. एकूण कोलेस्टेरॉल 9 टक्के, एलडीएल (‘वाईट कोलेस्टेरॉल’) 7.3 टक्के आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी 26.5 टक्के वाढली. चरबी वाढली, स्नायू घटले. शिवाय ज्याला आपण ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते एचडीएलही 11.3 टक्के वाढलं!

एरवी पोट सुटलं, ट्रायग्लिसराइड चढलं की एचडीएल उतरतं. इथे उलट का? यकृतातलं लायपेज हे विकर (एन्झाइम) एचडीएलचे कण मोडतं आणि टेस्टोस्टेरॉन त्या विकराला जोर देतं. टेस्टोस्टेरॉन गेलं की ही मोडतोड मंदावते. पण रिपोर्टमधला तो आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. टॉरसेट्रॅपिब नावाचं औषध एचडीएल भरपूर वाढवायचं, तरी ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाल्याने 2006 साली त्याची चाचणी थांबवावी लागली.

ट्रायग्लिसराइडचं कारण वेगळं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं. 2006 साली 73,196 वयस्क अमेरिकन रुग्णांच्या नोंदींत अशी इंजेक्शनं घेणाऱ्यांना मधुमेहाचा धोका 44 टक्के आणि हार्ट अटॅकचा 11 टक्के जास्त दिसला. पुढे 2011 मध्ये अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र पाहिले, तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले आढळले नाहीत. म्हणून भीतीपोटी कुणी इंजेक्शन चुकवू नये. उपचार सुरू होण्याआधी आणि नंतरही साखर व लिपिड तपासून घेणं मात्र आपल्या हातात आहे.

कोलेस्टेरॉलचं या आजाराशी आणखी जवळचं नातं आहे. 27 कार्बनच्या कोलेस्टेरॉलपासूनच शरीर 19 कार्बनचं टेस्टोस्टेरॉन घडवतं. इंजेक्शनाला न जुमानणाऱ्या काही गाठी हे काम स्वतःच्या पेशींत करू लागतात. ॲबिरॅटेरॉन हे औषध नेमकी हीच साखळी मधे तोडतं. एन्झॅल्युटामाइड या दुसऱ्या औषधाचा मार्ग निराळा, आणि ते यकृतातली औषधं मोडणारी विकरं इतकी वाढवतं की सिम्वास्टॅटिन, ॲटोरवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या लवकर निकामी होतात. तेव्हा कोलेस्टेरॉलची कोणती गोळी चालू आहे, हे कर्करोगाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं.