मातेच्या फोनवरचा संदेश : एका आरोग्यसाधनाची पार्श्वभूमी

बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची चर्चा दीर्घकाळ रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झटके अशा वैद्यकीय कारणांपुरती मर्यादित होती. १९८७ मध्ये नैरोबी येथे सुरक्षित मातृत्वाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा जगात दरवर्षी सुमारे ५ लाख स्त्रिया गर्भारपणात किंवा बाळंतपणात दगावतात, असा अंदाज मांडण्यात आला होता. या मृत्यूंकडे वेगळ्या बाजूने पाहण्याची चौकट सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये दिली. स्त्रीचा जीव तीन विलंबांमुळे जातो, असे त्यांचे म्हणणे होते : दवाखान्यात जायचे ठरवण्यातला विलंब, तिथवर पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. गर्भवती स्त्रिया आणि नव्या माता यांच्या आरोग्यासाठी वापरल्या गेलेल्या मोबाइल संदेशांचा पुढचा सगळा इतिहास या चौकटीत ठेवून पाहिला, तर त्यातले यश आणि अपयश दोन्ही नीट उलगडतात, कारण संदेशाची खरी ताकद पहिल्या विलंबावर चालते. दुखणे अंगावर काढण्याची सवय मोडणे त्याला जमू शकते; रक्तपेढीत रक्त आणून ठेवणे जमत नाही.

दूरसंचाराचा माता-आरोग्यासाठी वापर मोबाइलच्या आधीपासूनचा आहे. युगांडातील इगांगा जिल्ह्यात १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीने ‘रेस्क्युअर’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात पारंपरिक सुईणींना वॉकी-टॉकी देऊन त्यांना आरोग्यकेंद्रांशी आणि वाहनांशी जोडण्यात आले होते. येथे प्रयत्न दुसरा विलंब कमी करण्याचा होता आणि संवाद सुईण व आरोग्यकेंद्र यांच्यात होता. गर्भवती स्त्री ही त्या संवादाचा विषय होती, त्यात सहभागी नव्हती.

त्या वेळी लघुसंदेशाचे तंत्र अगदी बाल्यावस्थेत होते. १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने एका संदेशाला १६० अक्षरे पुरेशी आहेत, असा हिशेब मांडला आणि ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस पाठवला गेला. हा हिशेब रोमन लिपीचा होता. देवनागरी, बंगाली, अरबी यांसारख्या लिप्यांत त्याच संदेशात जेमतेम ७० चिन्हे मावतात आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘पायावर सूज आली, डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच दवाखान्यात जा’ एवढे एकच वाक्य लिहिले, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. पुढे अनेक देशांत लिखित संदेशाऐवजी आवाज वापरला गेला, त्यामागे निरक्षरतेइतके मोठे नसले तरी हेही एक कारण होते.

२००२ मध्ये जगातील मोबाइल जोडण्यांची संख्या तारेच्या दूरध्वनींपेक्षा जास्त झाली आणि २०१० पर्यंत ती ५ अब्जांच्या घरात गेली. पक्का रस्ता आणि वीज पोहोचण्याआधी फोन पोहोचला, अशी गावे आफ्रिकेत आणि आशियात असंख्य होती. माता-मृत्यूचे प्रमाण १९९० च्या तुलनेत २०१५ पर्यंत तीन-चतुर्थांशाने घटवण्याचे संयुक्त राष्ट्रांचे सहस्रक विकास उद्दिष्ट बहुतेक देशांच्या आवाक्याबाहेर जात असताना हे नवे साधन हाताशी आले, त्यामुळे त्याकडून थोड्या अवाजवी अपेक्षाही ठेवल्या गेल्या.

सुरुवातीला संदेश पाठवणारे हात आरोग्यसेवकांचेच होते. रवांडाने युनिसेफच्या पाठिंब्याने विकसित झालेली ‘रॅपिडएसएमएस’ प्रणाली २००९ मध्ये मुसांझे जिल्ह्यात आणली. गावातील स्वयंसेवक गर्भवतीची नोंद ठरावीक सांकेतिक शब्दांत एसएमएसने पाठवत. तपासणीची तारीख जवळ आली की यंत्रणा त्यांना आठवण करून देई आणि धोक्याचे लक्षण कळवले गेले की आरोग्यकेंद्राला सूचना जाई.

थेट मातेला संदेश पाठवण्याची मोठी सुरुवात अमेरिकेत झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये तेथे ‘टेक्स्टफॉरबेबी’ ही मोफत सेवा सुरू झाली. प्रसूतीची अपेक्षित तारीख कळवली की त्या-त्या आठवड्याला साजेसा मजकूर आपोआप येत राहतो, ही तिची मूळ कल्पना नंतर जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाने उचलली. कल्पना सुटसुटीत आहे, मात्र तिचा सगळा डोलारा एका तारखेवर उभा असतो. शेवटच्या पाळीची तारीख चुकीची नोंदली गेली की सगळे संदेश पुढेमागे सरकतात आणि कळा कशा ओळखाव्यात हे सांगणारा संदेश बाळ कुशीत आल्यावर येतो. गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मले, तर काय? यंत्रणेला ते कळत नाही. बाळाच्या वाढीचे आनंदी संदेश त्या घरात येतच राहतात, आणि याचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा होता, असे मला वाटते.

मे २०११ मध्ये अमेरिकेची विकास संस्था यूएसएड आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी यांनी अन्य भागीदारांसह मातांपर्यंत मोबाइलवरून आरोग्यसंदेश पोहोचवण्यासाठी ‘मामा’ (मोबाइल अलायन्स फॉर मॅटर्नल अॅक्शन) या नावाची आघाडी उभी केली. बांगलादेश, दक्षिण आफ्रिका आणि भारत हे तिचे पहिले तीन देश होते. यांपैकी बांगलादेशातील ‘आपोनजोन’ या सेवेने एक महत्त्वाची गोष्ट ओळखली. फोन पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात असतो आणि दवाखान्यात जायचे की नाही हे नवरा किंवा सासू ठरवते. म्हणून तिने गर्भवतीबरोबरच घरातील निर्णय घेणाऱ्या व्यक्तीसाठीही वेगळे संदेश तयार केले. पहिला विलंब हा बहुधा एकट्या स्त्रीचा नसतो, तो घराचा असतो, हे त्यातून मान्य केले गेले.

घानाच्या अप्पर ईस्ट भागात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘मोटेक’ प्रकल्पात मजकूर आणि आवाज असे दोन्ही पर्याय होते, पण जवळजवळ सर्वच स्त्रियांनी स्थानिक भाषेतील ध्वनिसंदेश पसंत केले. भारतातही हीच वाट धरली गेली. ‘आरमान’ या संस्थेच्या ‘एममित्र’ सेवेत स्त्रीने निवडलेल्या वेळेला फोन येतो. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘किलकारी’त चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे एकूण ७२ संदेश ‘डॉक्टर अनिता’ या काल्पनिक पात्राच्या आवाजात ऐकवले जातात.

या सगळ्याचा उपयोग किती झाला? झांझिबारमध्ये २००९-१० साली २४ आरोग्यकेंद्रांतील २,५५० स्त्रियांवर झालेली चाचणी या क्षेत्रात वारंवार उद्धृत होते. संदेश आणि फोन करण्यासाठी व्हाउचर मिळालेल्या गटात ६० टक्के स्त्रियांची प्रसूती प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून झाली, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ४७ टक्के होते. हा फरक मुख्यतः शहरी स्त्रियांमध्ये दिसला. गावातल्या स्त्रीलाही तोच संदेश मिळाला होता, पण दवाखाना तिच्यापासून तेवढाच दूर राहिला होता. मध्य प्रदेशात ‘किलकारी’ची मोठी चाचणी झाली, तेव्हा बाळाला केवळ स्तनपानावर ठेवण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही; कुटुंबनियोजनाच्या तात्पुरत्या साधनांच्या वापरात मात्र थोडी वाढ दिसली. दरम्यान, देणगीदारांच्या पैशावर सुरू होऊन वर्षा-दोन वर्षांत गुंडाळल्या जाणाऱ्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रायोगिक प्रकल्पांचे इतके पेव फुटले होते की युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांना स्थगितीच दिली.

दक्षिण आफ्रिकेने ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू केलेली ‘मॉमकनेक्ट’ ही सेवा या पार्श्वभूमीवर वेगळी ठरते. ती राष्ट्रीय आरोग्य विभागाचीच होती, नोंदणी सरकारी दवाखान्यात पहिल्या तपासणीच्या वेळी साध्या फोनवरूनही होत असे, आणि मूल गमावलेल्या आईला नेहमीचे संदेश थांबवून धीर देणारे संदेश निवडण्याची सोय होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे स्त्रीला उत्तर देता येत होते. तिला प्रश्न विचारता येत, दवाखान्यातील वागणुकीबद्दल किंवा औषध न मिळाल्याबद्दल तक्रार करता येई. प्रत्यक्षात तक्रारींपेक्षा कौतुकाचेच संदेश कितीतरी अधिक आले. तरीही जो विलंब एकतर्फी संदेशाच्या आवाक्यात नव्हता, त्या तिसऱ्या विलंबाची खबर प्रथमच रुग्णाच्या बाजूने वरपर्यंत जाऊ लागली. २०१७ मध्ये ही सेवा व्हॉट्सअॅपवरही आली, आणि संभाषण वाढले तसे प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या माणसांवरचे ओझेही वाढले.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये डिजिटल साधनांविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा माता व नवजात बालकांच्या आरोग्यासाठी अशा संदेशांची शिफारस करताना संवेदनशील मजकूर आणि वैयक्तिक माहितीची गोपनीयता यांची काळजी घेण्याची अट घातली. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो कोणीही उचलतो, त्यामुळे स्त्रीने घरी अजून सांगितले नसताना दिवस राहिल्याची बातमी फोनवरच्या आवाजाने सांगून टाकणे ही तिच्यासाठी धोक्याची गोष्ट ठरू शकते.