आयात मागांवरील सीमाशुल्क (सोलापूर)

परदेशातून आणलेल्या विणकाम यंत्रांवर केंद्र सरकार आकारते तो कर. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ आणि सीमाशुल्क प्रशुल्क अधिनियम, १९७५ हे त्याचे आधार. प्रशुल्कात, म्हणजे करदरांच्या यादीत, मागांचे शीर्षक (गटाचा क्रमांक) ८४४६. चादर आणि टेरी टॉवेलवर जगणाऱ्या सोलापुरात हा कर थेट कारखानदाराच्या कर्जाच्या हप्त्यात उतरतो.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे हातमाग रुजवला, पुढे यंत्रमाग आले. साध्या यंत्रमागावर आडवा धागा धोटा नेतो. धोटाविरहित मागात हे काम रेपिअरची पट्टी किंवा हवेचा झोत (एअरजेट) करतो. माग वेगाने चालतो आणि कापडात दोष कमी राहतात.

आकारणी यंत्राची किंमत, जहाजभाडे आणि विमा यांच्या बेरजेवर होते. सूट नसलेल्या मागाची ही बेरीज १० लाख रुपये धरली, तर ७.५ टक्क्यांनी मूळ शुल्क ७५,००० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ७,५०० रुपये. मग या १०,८२,५०० रुपयांवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. त्याची वजावट पुढे मिळते, पण माल बंदरातून सोडवताना पैसा रोख मोजावा लागतो. लहान कारखानदाराची खरी ओढाताण इथे होते.

अनेक वर्षे यात एक उघड विसंगती होती. अतिवेगवान माग शुल्कमुक्त यादीत होते आणि बेताच्या वेगाच्या, म्हणजे लहान विणकराच्या आवाक्यातल्या मागांवर शुल्क पडत होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने मिनिटाला ६५० मीटरच्या आतले रेपिअर आणि १,००० मीटरच्या आतले एअरजेट माग यांवरील ७.५ टक्के शुल्क शून्य केले. कारण तांत्रिक वस्त्रांचे, म्हणजे शेती, वैद्यक अशा कामांसाठीच्या कापडाचे, दिले गेले, तरी दिलासा टॉवेलवाल्यांनाही मिळाला. तो फार आधी मिळायला हवा होता.

हे मीटर कापडाचे नव्हेत, तर मिनिटाला भरल्या जाणाऱ्या आडव्या धाग्याचे. फणीवरची रुंदी २.६ मीटर आणि मिनिटाला २४० फेरे असतील, तर वेग ६२४ मीटर होतो.

निर्यातदारांना भांडवली वस्तूंच्या निर्यात प्रोत्साहन योजनेतून, ईपीसीजीतून, बिनशुल्क यंत्र आणता येते. मात्र वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्याला ही अट पेलणे अवघड.

सोलापुरी चादरीची नक्षी ज्यामुळे उठते ते जकार्ड (मागावर बसवायचे, उभे धागे उचलणारे यंत्र) मागाशिवाय वेगळे मागवले, तर ते ८४४६ मध्ये बसत नाही. डॉबी (साध्या नक्षीसाठीचे असेच यंत्र), धोटे आणि सुट्या भागांसोबत ते ८४४८ मध्ये जाते. म्हणून ऑर्डर देण्याआधी त्याचा दर स्वतंत्रपणे पाहावा लागतो.