बोअरचं पाणी आणि काचेवरचे बुडबुडे

मागच्या मे महिन्यात परभणीत आमच्या गल्लीतल्या काकूंचा काळा गोल्डफिश मेला. नळाला पाणी आलं नव्हतं, म्हणून त्यांनी बोअरचा पाइप थेट फिशटँकमध्ये सोडून अर्ध्याहून जास्त पाणी बदललं. सकाळी बघतात तर चारही काचांवर, प्लास्टिकच्या झाडावर बारीक चंदेरी बुडबुडे चिकटलेले, आणि काळा मासा तळाशी आडवा. "घरावर काहीतरी येणार होतं, त्यानं स्वतःवर घेतलं," काकू म्हणाल्या. टँक घेताना आठ सोनेरी आणि एक काळा असा वास्तूचा हिशेब त्यांना सांगण्यात आला होता. मी तो मासा बशीत घेऊन मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला. शेपटीच्या काड्यांमधल्या पातळ पडद्यात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे अडकलेले स्पष्ट दिसत होते. हे घरावरचं संकट नव्हतं. ते पाण्यातूनच आलं होतं, आणि वेळीच ओळखलं असतं तर टळलं असतं.

काकूंचा पुढचा प्रश्न बरेच जण विचारतात: एवढे बुडबुडे म्हणजे ऑक्सिजन भरपूर असणार ना? काचेवरचे बुडबुडे एवढंच सांगतात की पाण्यात मावेल त्याहून जास्त वायू कोंबला गेलाय. हवेत 78 टक्के नायट्रोजन, त्यामुळे या कोंबलेल्या वायूतही त्याचाच वाटा मोठा. ऑक्सिजन मासा वापरून तरी टाकतो, नायट्रोजनचं त्याला काहीच करता येत नाही.

वायू कोंबला कुणी? विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडलेला नियम असा की दाब जितका जास्त, तितका वायू पाण्यात जास्त विरघळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बोअरची पातळी मोटरपर्यंत उतरते आणि मोटर पाण्याबरोबर हवा ओढायला लागते. ती हवा पाइपात शिरते तेव्हा तिच्यावर अख्खा पाण्याचा स्तंभ उभा असतो. दर 10 मीटरला एका वातावरणाचा दाब धरला, तर 90 मीटर खोल मोटरपाशी तो वरच्या हवेसकट दहा वातावरणांचा होतो. वर नळातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो आणि पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. ते स्टीलच्या नाही, काचेच्या ग्लासात धरा. पांढरेपणा तळाकडून वर निवळत गेला तर ती हवा. वरून खाली बसत गेला तर गाळ.

हिवाळ्यात हेच थंडीमुळे होतं. 15 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 28 अंशांना 8 पेक्षाही कमी. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं गार पाणी टँकमध्ये ओतून हीटर लावला, की जादा वायू बाहेर यायला बघतो.

पण बाहेर येणं त्याला सोपं नसतं, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. बुडबुड्याभोवतीचं पाणी ताणलेल्या रबरासारखं त्याला आत चेपतं. त्रिज्या निम्मी झाली की हे चेपणं दुप्पट. एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात जादा दाब सुमारे 1.4 वातावरणांचा, त्याच्या दहाव्या हिश्शाच्या बुडबुड्यात 14 वातावरणांचा. एवढ्या दाबाखाली आतला वायू पुन्हा पाण्यात विरघळणार, म्हणजे निव्वळ पाण्यात बुडबुडा जन्मतानाच चिरडला जातो. मग काचेवरचे आले कुठून? ते नव्याने जन्मलेलेच नसतात. कोरड्या टँकमध्ये पाणी भरताना ते सूक्ष्म चरे आणि खाचांच्या तळापर्यंत पोचत नाही, तिथे चिमूटभर हवा अडकून राहते. पाण्याला न भिजणाऱ्या खाचेत पाण्याचा पृष्ठभाग हवेच्या बाजूला फुगलेला असतो. म्हणजे वाक उलटा, आणि वाक उलटा तर दाबही उलटा: पाण्याचा ताण त्या हवेला चेपत नाही, तिच्यावरचा भार पेलून धरतो. अशी हवा दिवसेंदिवस टिकते. पाण्यात जादा वायू आला की तो या बीजात शिरतो, बुडबुडा खाचेच्या तोंडाशी फुगतो, पुरेसा मोठा झाला की सुटून वर जातो, आणि बीज खाचेतच राहतं पुढच्या बुडबुड्यासाठी. काचेवर जिथे ओरखडा तिथे बुडबुड्यांची रांग दिसते ती यामुळे. लिंबूसोड्यात मिठाची चिमूट पडताच फेस उसळतो, तोही याच कारणाने. प्रत्येक दाण्याबरोबर हवेची बीजं आत जातात.

माशाच्या कल्ल्यांतून हाच जादा वायू रक्तात उतरतो आणि केशवाहिन्यांत बुडबुडे धरतो. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याला होतं तसंच. नदीतला किंवा धरणातला मासा खाली जाऊन सुटू शकतो, कारण दर मीटर खोलीला सुमारे दहा टक्के जादा वायू दाबाखाली विरघळलेलाच राहतो. दीड फुटाच्या टँकमध्ये तळाशी गेला तरी चार-पाच टक्क्यांचीच सोय. म्हणून काळा मासा तळाशी होता, आणि तळ त्याला पुरला नाही.

सगळेच बुडबुडे वाईट नसतात. फिल्टरच्या तोंडातून सतत बारीक फवारा येत असेल तर पाण्याची पातळी उतरली आहे किंवा ओढणाऱ्या बाजूच्या नळीचा सांधा सैल आहे. भर उजेडात पाणवनस्पतीच्या पानातून उठणारी माळ ऑक्सिजनची. फायटर जातीच्या नर माशाने कोपऱ्यात केलेला फेस हे त्याचं घरटं, ते मोडू नका. तळाची वाळू हलवल्यावर सडक्या अंड्याचा वास घेऊन बुडबुडे आले तर मात्र वाळू धुवायला झालीच.

बोअरचं पाणी आदल्या रात्री पसरट टोपात किंवा बादलीत काढून ठेवायचं, त्यात एअर स्टोन, म्हणजे हवेच्या पंपाच्या नळीला लावलेला सच्छिद्र दगड, चालू ठेवायचा. हवा जास्त झालेल्या पाण्यात आणखी हवा सोडायची, हे काकूंना पटेना. पण पंपाचे मोठे बुडबुडे पाणी ढवळतात, खालचं पाणी वर आणतात आणि कोंबलेल्या वायूला बाहेर पडायला वाट देतात; कमी असेल तर भर घालतात, जास्त असेल तर उतरवतात. टँकच्या काचेवर बुडबुडे दिसलेच तर पहिलं काम हेच, हवेचा पंप पूर्ण जोरात चालू ठेवायचा आणि त्या दिवशी नवं पाणी घालायचं नाही. काकूंकडे आता दोन बादल्या न्हाणीघरापाशी रात्रभर बुडबुडत असतात. आठही सोनेरी मासे आहेत. नववा त्यांनी आणला नाही.