‘बिस्त्रो’ आणि घाईतले रशियन सैनिक
नेहमी फिरणारा मजकूर असा: १८१४ साली पॅरिसात शिरलेले रशियन सैनिक खाणावळीत ‘बिस्त्रा!’ म्हणजे ‘लवकर!’ असं ओरडायचे, त्यावरून ‘बिस्त्रो’ (छोटी, साधी फ्रेंच खाणावळ) हा शब्द आला.

गोष्ट झकास आहे, मीही ती चारचौघांत सांगितली आहे. सैनिक आले होते, हेही खरंच. पण फ्रेंच व्युत्पत्तिकोशात या शब्दाची पहिली लेखी नोंद पाहा: १८८४. मधली ७० वर्षं तो कुणाच्याच लेखणीला शिवला नाही? शिवाय तेव्हा त्याचा अर्थ होता गुत्त्याचा मालक; जागेला तो नंतर चिकटला. घाईचा मागमूसही नाही. खऱ्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

गंमत पुढेच आहे. रशियनने हा शब्द फ्रेंचकडून उसना घेतला, आणि तिथे तो झाला झटपट खाण्याचं ठिकाण! ‘लवकर’ या अर्थाच्या रशियन शब्दापेक्षा त्याचं स्पेलिंग एकाच अक्षराने वेगळं.