शास्त्रबोध (ख्रिस्ती)

पवित्र शास्त्राचे (बायबलचे) वाचन, श्रवण व मनन यांतून श्रद्धावंताला होणारा आध्यात्मिक उलगडा. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) बोलण्यात शास्त्र म्हणजे ‘वचन’. ते पाठ असणे वेगळे आणि कळणे वेगळे; कळणे पवित्र आत्म्याच्या साहाय्यानेच घडते, अशी श्रद्धा आहे. मुख्य आधार लूकच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय. यरुशलेमेजवळच्या अम्माऊस गावाच्या वाटेवर पुनरुत्थित येशूकडून दोघा शिष्यांना शास्त्राचा उलगडा होतो, भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात, पुढे यरुशलेमेत शिष्यांची मने उघडतात. तिन्ही ठिकाणी मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे. मराठीत ‘उलगडा’ आणि ‘उघडणे’ असे दोन शब्द आल्याने हा सुंदर धागा नजरेतून सुटतो.

नव्या करारातील, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील वचनाविषयी (३:१६) मतभेद आहेत. मूळ ग्रीक वाक्यात ‘आहे’ हे क्रियापदच नाही. त्यामुळे ‘प्रत्येक शास्त्रलेख ईश्वरप्रेरित व उपयोगी आहे’ किंवा ‘प्रत्येक ईश्वरप्रेरित शास्त्रलेख उपयोगीही आहे’, असे दोन अन्वय लागतात. प्रचलित मराठी बायबल ‘परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख’ म्हणून दुसऱ्याकडे झुकते. तथापि दोन विशेषणांना जोडणारे उभयान्वयी अव्यय पाहता पहिला अन्वय अधिक सरळ वाटतो. शास्त्र कळते कसे, याविषयी प्राचीन धर्मपिता ऑगस्टीनने अंतरीच्या गुरूची, म्हणजे आत राहून शिकवणाऱ्या ख्रिस्ताची कल्पना मांडली, तर प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने पवित्र आत्म्याच्या आंतरिक साक्षीची. रोमन कॅथलिक पंथ परंपरेच्या प्रकाशात वाचन करण्यावर भर देतो.

धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांच्या खानदेशात बोधाचा प्रश्न बराचसा भाषेचा आहे. मिशनरी विल्यम कॅरीचा मराठी नवा करार (बायबलचा उत्तर भाग) साधारणतः १८११ चा मानतात. पंडिता रमाबाईंचे मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ च्या सुमारास आले. प्रमाण मराठीतील हे ग्रंथ ज्यांच्या घरी पोचले, त्यांची घरची बोली मात्र अहिराणी, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरकडे मावची, सातपुड्यात भिल्ली-पावरी या आदिवासी बोली. म्हणून शास्त्रपाठ मराठीत होतो आणि अर्थ बोलीत सांगावा लागतो. प्रतिमेला मात्र भाषांतर फारसे लागत नाही. ११९व्या स्तोत्रात वचनाला पावलांसाठी दिवा म्हटले आहे; रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला हातात बॅटरी घेऊन बांधावरून जाणाऱ्याला पुढच्या पावलापुरता उजेड म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागत नाही. मावचीत नवा करार झाला आहे, त्यामुळे नवापूर भागात वाचन आणि अर्थ एकाच बोलीत करता येतात.