नखाला न लागणारी झीज

इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या जर्नलवरून, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या त्याच्या गोल भागावरून, नख फिरवायचं, ओरखडा लागला नाही की "क्रँक ठीक आहे" म्हणून नवे बेअरिंग शेल (जर्नलभोवती जोडीने बसणाऱ्या अर्धगोल पातळ पट्ट्या) बसवायचे, असं अनेक गॅरेजांत अजून चालतं. नखाला ओरखडा कळतो, पण गोलाई कळत नाही. आणि इंजिन उघडल्यावर मोजायची असते ती गोलाईच.

त्याचं कारण 1883 साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर या अभियंत्याच्या प्रयोगात सापडलं. रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगला त्याने तेल सोडण्यासाठी वरून भोक पाडलं, तर त्यातून तेलच वर येऊ लागलं. बूच ठोकलं, तेही बाहेर ढकललं गेलं. दाबमापकाचा काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे गेला. आणि तिथे पंप नव्हताच! आस खालून तेलात बुडालेला होता, इतकंच. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. जर्नल बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी नसतो, भारामुळे एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे भोवतालची फट एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळती होते. फिरणारा पृष्ठभाग चिकट तेलाला त्या निमुळत्या फटीत ओढत नेतो. तिथे तेलाला पुरेशी जागा नसते, म्हणून दाब चढतो आणि तो दाब जर्नलला धातूपासून उचलून धरतो. मोटारीचा ऑइल पंप साधारण 3 ते 4 बार दाबाने तेल पोहोचवतो. ज्वलनाचा तडाखा झेलणारा, शेकडो बारपर्यंत जाणारा दाब ही फटच तयार करते.

म्हणून फटीचा आकार बिघडला की सगळं बिघडतं. ढोबळ नियम असा, की 50 मिमीच्या जर्नलला सुमारे 0.05 मिमी फट हवी. ती दुप्पट झाली तर कडेने गळणारं तेल दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होतं, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. बाटलीतलं "इंजिन ट्रीटमेंट" ओतून झिजलेला क्रँक परत गोल होत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

मोजायला मायक्रोमीटर घ्या. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना, प्रत्येक टोकाला एकमेकांशी काटकोनात दोनदा मोजा. एकाच टोकाच्या दोन मापांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी, दोन टोकांतला फरक म्हणजे टेपर. मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असते, 0.025 मिमीच्या वर गेलं तर बहुतेक क्रँक ग्राइंडिंगला, म्हणजे घासून पुन्हा गोल करायला, जातात. गरम पाण्याने धुतलेला क्रँक लगेच मोजू नका. 50 मिमीचं पोलाद 20 अंशांनी तापलं तर 0.01 मिमीहून जास्त फुगतं, आणि इथे तेवढ्याने निकाल फिरतो.

जुने शेल फेकण्याआधी त्यांची जागा लिहून क्रमाने मांडा. तीन थरांच्या शेलवर तांबूस रंग दिसला तर वरचा मऊ थर गेला. वरच्या आणि खालच्या शेलची एकाच बाजूची कड झिजली असेल तर जर्नलला टेपर आहे. वरच्याची डावी आणि खालच्याची उजवी झिजली असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकलाय, तो सरळ केल्याशिवाय नवे शेलही तसेच जातील. शेलची पाठ चकचकीत असेल तर तो आपल्या बसायच्या जागेत हलत होता.

ग्राइंडिंगनंतर जर्नल बारीक होतो, म्हणून 0.25 किंवा 0.50 मिमी अंडरसाइज, म्हणजे तेवढ्या बारीक जर्नलसाठीचे, शेल लागतात. लेथवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई मूळ त्रिज्येचीच ठेवायची, तिथे धारदार कोपरा राहिला तर क्रँक तिथूनच तुटतो, आणि तेलाच्या भोकांच्या कडांची धार मोडायची. नायट्रायडिंग केलेला (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेला) क्रँक असेल तर घासण्यात कडक थर निघून जाऊ शकतो, तो पुन्हा करून घ्यावा लागतो. घरी आणल्यावर तेलाच्या वाहिन्या ब्रशने धुऊन हवा मारा. शेवटी कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेजचा, म्हणजे फट मोजायच्या मऊ प्लास्टिकचा, धागा ठेवून बेअरिंगची कॅप (वरून बोल्टने बसणारा अर्धा भाग) ठरलेल्या टॉर्कला आवळा, क्रँक अजिबात न फिरवता परत सोडा आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहा, म्हणजे फट किती आहे ते कळेल.