छेद आधी घालवायचे की शेवटी? लोप पद्धतीची पार्श्वभूमी

दोन चलांच्या रेषीय समीकरणांत सहगुणक अपूर्णांक असले की शाळेतली पहिली पायरी ठरलेली असते. छेदांचा लसावि काढायचा, त्याने सगळे समीकरण गुणायचे आणि मगच एका चलाचा लोप करायचा, म्हणजे समीकरणे एकमेकांतून वजा करून ते चल घालवायचे. अपूर्णांकांना नेमके कधी सामोरे जायचे, हा या पायरीमागचा प्रश्न मात्र फार जुना आहे आणि वेगवेगळ्या काळांत त्याची वेगवेगळी उत्तरे दिली गेली.

बर्लिनच्या संग्रहातील व्हीएटी ८३८९ ही बॅबिलोनी मातीची पाटी इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातली. दोन शेते मिळून १८०० सार (सार हे क्षेत्रफळाचे एकक). खंड, म्हणजे धान्यात द्यायचे भाडे, एका शेताला दर सार २/३ सिला (सिला हे धान्य मोजण्याचे माप), दुसऱ्याला १/२ सिला. दोन खंडांतला फरक ५०० सिला. पाटी शेते सारखी, म्हणजे ९००-९०० सार धरते. फरक १५० येतो, ३५० कमी पडतात. एक सार दुसऱ्या शेतातून पहिल्यात गेला की फरक ७/६ ने वाढतो, म्हणून ३०० सार हलवायचे. उत्तर १२०० आणि ६००. इथे लोप नाही, आणि अपूर्णांक मधल्या पायरीतच थेट अंगावर घेतलेले आहेत.

खरी लोप पद्धत दिसते ती चीनमध्ये, हान राजवटीच्या काळात (सुमारे इ.स.पू. २०० ते इ.स. २००) सिद्ध झालेल्या ‘गणिताचे नऊ अध्याय’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात. त्यातला पहिला प्रश्न आजच्या भाषेत असा:

३क + २ख + ग = ३९
२क + ३ख + ग = ३४
क + २ख + ३ग = २६

मोजकाड्या स्तंभांत मांडून एका स्तंभाला दुसऱ्याच्या सहगुणकाने गुणायचे आणि वजाबाकी करत जायचे. शेवटी ३६ग = ९९ उरते आणि ग = २ ३/४ मिळते. उत्तरांत पाव-पाऊण आहेत, पण लोप पूर्ण होईपर्यंत एकही अपूर्णांक येत नाही. भागाकार शेवटपर्यंत लांबवण्याची ही शिस्त मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. वजाबाकीत ऋण संख्या आल्या तर काय, याचे नियमही तिथेच आहेत, इ.स. २६३ मध्ये त्यावर भाष्य लिहिणाऱ्या ल्यू ह्वीने धन संख्यांना लाल आणि ऋण संख्यांना काळ्या काड्या सांगितल्या.

भारतीय परंपरेने छेद आधी घालवले. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त छेदांचा लसावि, त्यांच्या शब्दांत ‘निरुद्ध’, काढून अपूर्णांक समच्छेद, म्हणजे सारख्या छेदाचे, करायला शिकवले. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त तर समच्छेद करून छेदगम करणे, म्हणजे छेद काढून टाकणे, ही समीकरण सोडवतानाची नेहमीची पायरी आहे. आपली शालेय रीत याच वळणाची आहे.

युरोपात लोपाची पद्धत न्यूटनच्या १७०७ साली छापलेल्या व्याख्यानांतून पाठ्यपुस्तकांत रुळली. जर्मन गणिती गाऊसने १८१० मध्ये पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसाठी ती पद्धतशीर वापरली. पुढे तिला त्याचेच नाव चिकटले, हा चिनी गणितींवर अन्यायच झाला.

संगणक आल्यावर जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. १/३ दशांशात मांडला की कुठेतरी तोडावा लागतो आणि चूक पुढे पसरत जाते. सतत गुणत राहिले तर संख्या अवाढव्य होतात. यावर १९६८ मध्ये अर्विन बराइस यांनी पूर्णांकांतच राहणारी रीत मांडली: दुसऱ्या लोपापासून पुढे, प्रत्येक लोपानंतर त्याआधीच्या लोपात वापरलेल्या मुख्य सहगुणकाने (ज्याच्या आधारे चल घालवले त्या सहगुणकाने) भागायचे, भाग नेहमी नि:शेष जातो. वरच्या चिनी उदाहरणात हे ताडून पाहता येते. पहिल्या लोपाचा मुख्य सहगुणक ३. त्याने ३६ग = ९९ ला भागले की १२ग = ३३ उरते, आणि १२ ही त्या नऊ सहगुणकांच्या निश्चयकाची (डिटर्मिनंटची) किंमत आहे.